एक लेकरू तिच्याकडं, एक त्याच्याकडं, मग खावटी कोणी कोणाला द्यायची?

"एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं, हिशोब फिटला, आता खावटी-बिवटी काही नाही." घटस्फोटाच्या बोलणीत हे वाक्य इतक्यांदा ऐकायला येतं की लोकांना हाच कायदा आहे असं वाटायलंय. बैठकीत मामा म्हणतो, चुलता मान हलवतो, बाँड पेपरवर फारकत लिहून होते आणि पोरगा बापाकडं, पोरगी आईकडं. मी वकील नाही, कोर्टाबाहेर अर्ज टाईप करून देणारा माणूस आहे, पण एवढं खात्रीनं सांगतो की असा कुठलाच कायदा नाही. लेकरं वाटून घेतली म्हणून त्यांचा खर्च आपोआप वाटला जात नाही. बापाला महिन्याला पंचेचाळीस हजार मिळतात आणि आईला पंधरा, तर बापाकडच्या पोराला ट्युशन, सायकल, बूट आणि आईकडच्या पोरीला काहीच नाही, हे कोर्टाला चालत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. खावटी, म्हणजे पोटगी, दोन वेगळ्या असतात, एक बायकोची आणि एक लेकराची. बायकोनं स्वतःची सोडली तर ती तिची मर्जी, पण लेकराची खावटी आईला सोडता येत नाही आणि बापाला माफ करून घेता येत नाही, कारण तो हक्क लेकराचा आहे. म्हणून फारकतनाम्यात "मुलांच्या पोटगीबाबत भविष्यात कोणतीही मागणी करणार नाही" असं लिहिलेलं असलं तरी लेकराच्या वतीनं अर्ज टाकता येतो. आणि हिंदूंमध्ये नुसत्या बाँडवरच्या फारकतीनं घटस्फोटसुद्धा होत नाही, समाजात तशी जुनी रूढी आहे हे पुराव्यानं सिद्ध झालं तरच होतो, ते तर अजून वेगळंच लफडं.

आता ताबा. भावंडांची ताटातूट करायला कोर्ट सहसा तयार नसतं, पण तसा कडक नियम नाही, लेकराचं भलं कशात आहे ते बघतात. पाच वर्षांच्या आतलं लेकरू शक्यतो आईकडं, आणि लेकरू समजतं झालं असेल तर जज त्याला आत बोलवून विचारतात. आपल्याकडं जी वाटणी होते ती बहुतेक वेळा "पोरगा आमचा वंश आहे, पोरगी घेऊन जा" अशी असते आणि खरं सांगायचं तर ती लेकरांची वाटणीच नसते, खर्चाची असते, पोरीचं शिक्षण न् लग्न दुसऱ्याच्या गळ्यात. वंशबिंश कोर्टात कोणी ऐकत नाही. पण दोघांच्या संमतीनं ठरलंय, किंवा मोठा पोरगा म्हणला मी पप्पांकडंच राहणार, माझी शाळा इथंय, तर भावंडं दोन घरात जातात. तिथून पुढचा हिशोब कसा लावायचा ते बघू.

इंग्रजीत शोधलं की अमेरिकेतले कॅल्क्युलेटर सापडतात. तिकडं राज्यागणिक तक्ते आहेत. बऱ्याच राज्यांत पद्धत अशी की आईकडच्या लेकरासाठी बापानं किती द्यायला पाहिजे तो आकडा काढायचा, बापाकडच्या लेकरासाठी आईनं किती तो काढायचा, मग मोठ्यातून लहान वजा करायचा आणि उरलेली रक्कम ज्याच्याकडं निघते त्यानं द्यायची. आपल्याकडं असा तक्ता नाही. पगाराच्या पंचवीस टक्के असं जे लोक सांगतात तो आकडा सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या एका निकालातला आहे, तोही बायकोच्या पोटगीबद्दल, लेकरांना लावायचा ठरीव दर नाही. पण तत्त्व आपल्याकडंही आहे. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६, त्याचं कलम २० म्हणतं की लेकरं सांभाळायची जबाबदारी आई आणि बाप दोघांची. आणि पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या २००० सालच्या निकालात सुप्रीम कोर्टानं दोघंही कमावते असलेल्या आईबापात लेकरांचा खर्च कमाईच्या प्रमाणात, २:१ असा वाटून दिला. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालातही तेच आहे, शिक्षणाचा खर्च साधारण बापानं करायचा, पण आई चांगली कमावती असेल तर प्रमाणात वाटता येतो.

मग कागद घ्या आणि आकडे मांडा. समजा बापाची कमाई ४५,००० आणि आईची १५,०००, म्हणजे प्रमाण ३:१. पोरगा बापाकडं, त्याचा खर्च महिना १०,०००. पोरगी आईकडं, तिचा खर्च ८,०००. पोरीच्या ८,००० मधे बापाचा वाटा ६,०००. पोराच्या १०,००० मधे आईचा वाटा २,५००. सहातून अडीच गेले, उरले ३,५००, ते बापानं आईला दर महिन्याला द्यायचे. उलटं करून तपासा, दोन्ही लेकरांचा मिळून खर्च १८,०००, त्यात बापाचा तीन चतुर्थांश म्हणजे १३,५००, त्यातले १०,००० तो घरात पोरावर घालतोयच, राहिले ३,५००. जुळलं.

आई घरीच असेल, कमाई नाही, तर पोरीचे ८,००० पूर्ण बापावर, आणि आईची स्वतःची पोटगी त्याच्यावर वेगळी. आणि आई शिक्षिका आहे, पगार बापापेक्षा जास्त, बापाची कोरडवाहू तीन एकर, तर आकडा उलटा फिरू शकतो, बापाकडच्या लेकरासाठी आईलाही द्यावं लागू शकतं. हे सांगितलं की काही बायकांना राग येतो, पण कलम दोघांना आहे. प्रत्यक्षात कमी कमावत्या आईकडून बापाकडच्या पोरासाठी पैसे मागायला कोर्ट फारसं उत्सुक नसतं, तिचा वाटा शून्य धरूनही आदेश होऊ शकतो, म्हणून वरचा हिशोब हा जजला आणि समोरच्या वकिलाला दाखवायचा आधार आहे, हातात पडणारा आकडा नाही.

आणि इथं माझा सगळ्यात मोठा आग्रह. हिशोब असा वजाबाकीनं केला तरी कागदावर नुसते "३,५०० रुपये" लिहू नका. दोन्ही लेकरांचे आकडे नावासकट वेगवेगळे लिहा, पोरीसाठी बापाचे सहा हजार, पोरासाठी आईचे अडीच, आणि सध्या फरक म्हणून साडेतीन. का, तर पोरगा अठरा पूर्ण झाला की त्याचा हिशोब थांबतो, तेव्हा पोरीचे पूर्ण सहा हजार सुरू व्हायला पाहिजेत. नुसते साडेतीन लिहिले असतील तर समोरचा म्हणणार ठरलंय ते साडेतीनच, आणि परत नवा अर्ज, परत तारखा. तसंच पोरगी दोन वर्षांनी म्हणली मला दादाकडं जायचंय, किंवा दादाच आईकडं आला, तर आकडे वेगळे असले की बदल लगेच कळतो. एका रकमेत सगळं कोंबलेला आदेश म्हणजे नुसतं "एकूण" लिहिलेलं किराणाचं बिल, कशाचे किती ते नंतर कोणालाच सांगता येत नाही.

खर्च लिहिताना लाजू नका आणि फुगवूही नका. शाळेची फी, ट्युशन, रिक्षा किंवा पास, वह्या-पुस्तकं, दवाखाना, कपडे, दूध, घरभाड्यातला लेकराचा वाटा, सणवार. पावत्या ठेवा. लेकराला कायमचं औषध चालू असेल तर ते वेगळ्या ओळीत.

कमाईचा पुरावा हा मराठवाड्यातला खरा घोळ. नोकरदाराची सॅलरी स्लिप असते, त्याचं सोपंय. पण बाप म्हणतो मी बेकार आहे, शेती वडिलांच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या नावावर, आणि स्वतः बुलेटवर तारखेला येतो. रजनेश-नेहा निकालापासून दोघांनाही आपली मालमत्ता आणि डोक्यावरची देणी यांचं शपथपत्र द्यावंच लागतं, खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते, पण ते खोटं आहे हे दाखवायचं काम समोरच्याचं. सातबारा आणि आठ-अ ऑनलाईन निघतात. ई-पीक पाहणीत कोणतं पीक लावलं ते असतं. सोयाबीन, कापूस, तूर आडतीला घातली तर तिची पट्टी, ऊस असेल तर कारखान्याचं बिल ज्या खात्यात जमा होतं ते बँक स्टेटमेंट, डेअरीचं दहा दिवसाचं बिल, पीक विम्याची जमा, गाडीची आरसी. हातात कागद नसला तरी अर्जात लिहून ठेवा आणि कोर्टाला सांगा की समोरच्याला हे हजर करायला लावा. आणि काहीच नाही सापडलं तरी हताश होऊ नका, धडधाकट माणसाला "कमाई नाही" म्हणून सुटता येत नाही, अंगमेहनत करून का होईना पण बायकोलेकरांना पोसायचं, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या अंजू गर्ग प्रकरणात स्पष्ट म्हणलंय.

शेतीवाल्याची अडचणही खोटी नाही हो. पैसा दर महिन्याला येत नाही, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा, नंतर उसाचा, आणि दुष्काळ पडला तर कशाचाच नाही. अशा वेळी संमतीनं ठरवत असाल तर महिन्याला कमी आणि हंगामाला जास्त असं लिहून घेता येतं, उदाहरणार्थ दर महिना अडीच हजार आणि फी भरायच्या आधी एकरकमी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात अजून वेगळं. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते, अर्धं वर्ष आईबाप फडावर आणि कागदावर बापाच्या ताब्यात असलेला पोरगा प्रत्यक्षात आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. मग ताबा कोणाकडं हा प्रश्न नुसता नावाचा राहतो, खर्च कोण करतंय ते बघा आणि आजी करत असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहा. "माझ्याकडंही एक लेकरू आहे" असं म्हणून खावटी कमी करून घेणाऱ्याला, ते लेकरू नेमकं कोणाच्या ताटात जेवतंय, हे विचारायचा हक्क समोरच्याला आहे.

संमतीनं घटस्फोट असेल तर कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात लिहून द्यायच्या अटी, हाच सगळा खेळ. वकील साहेबांचा तयार मसुदा असतो, नावं बदलून छापतात, त्यात दोन लेकरं दोन घरात असतील तर काय याच्यासाठी ओळच नसते. ती तुम्ही सांगून घालायची. एक म्हणजे मोठ्या खर्चाची. आपल्याकडं दहावी झाली की निम्मं घर लातूरला, नीटची बॅच, हॉस्टेल, मेस, आणि हा खर्च महिन्याच्या खावटीत बसूच शकत नाही. म्हणून लिहा की क्लास, हॉस्टेल, कॉलेज प्रवेश, दवाखान्यात ॲडमिट व्हायचा खर्च हा महिन्याच्या रकमेच्या बाहेर, अमुक प्रमाणात दोघांनी, पावती व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून इतक्या दिवसात, आणि प्रवेश घेण्याआधी एकमेकांना विचारायचं. हे दोन्ही लेकरांना सारखं लागू. बापानं पोराला लातूरला टाकायचं आणि पोरीला "गावातलं कॉलेज काय वाईट आहे" म्हणायचं, हे चालू नये म्हणून.

दुसरं, अठरा वर्षं. फौजदारीतली खावटी, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, ती लेकरू सज्ञान होईपर्यंत, अपंगत्वामुळं वगैरे स्वतःला सांभाळू शकत नसेल तर पुढंही. पोरगा ऐन बारावीत अठराचा होतो आणि पैसे बंद. म्हणून "पदवी पूर्ण होईपर्यंत" असं संमतीत लिहून घ्या. अविवाहित पोरीचं वेगळं आहे, स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली लग्न होईपर्यंत ती मागू शकते, अभिलाषा विरुद्ध प्रकाश या २०२० च्या निकालात हे आलंय, पण ते फौजदारी अर्जात नाही, दिवाणी दावा किंवा फॅमिली कोर्टात मागावं लागतं. त्याच कायद्यात अविवाहित पोरीच्या लग्नाचा वाजवी खर्चही येतो.

तिसरं कोणी लिहीत नाही आणि नंतर डोकं धरून बसतात, ते म्हणजे कागदपत्रं. आईकडच्या पोरीला जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, काढायची तर बापाकडच्या माणसांचे टीसी, जुने उतारे, कोणाची तरी व्हॅलिडिटी हे लागतं, आणि बाप फोन उचलत नाही. पोरीची सीट जाते. तेव्हा टर्म्समधे सरळ ओळ घाला की दोन्ही लेकरांच्या दाखल्यांसाठी लागणारी कागदपत्रं आणि सह्या बाप मागितल्यावर देईल. पोरगी आईकडं गेली म्हणून वडिलोपार्जित शेतातला तिचा हक्कही जात नाही, तो भावाएवढाच आहे, तेव्हा "खावटीच्या बदल्यात जमिनीवरचा हक्क सोडला" असलं काही तिच्या वतीनं लिहून देऊ नका.

आणि भावंडांची भेट. दिवाळी न् उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं एका घरात एकत्र राहतील, आलटून पालटून, नेण्याआणण्याचा एसटीचा खर्च कोणाचा, रोज व्हिडिओ कॉल. सुट्टीत लेकरू महिनाभर समोरच्याकडं गेलं तर त्या महिन्याची खावटी कापायची का तेही ठरवा. माझं मत, कापू नये, शाळेची फी आणि घरभाडं सुट्टीतही चालूच असतं.

अर्ज कुठं? घटस्फोटाची केस चालू असेल किंवा झाली असेल तर त्याच कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अज्ञान लेकरांचा ताबा, खर्च, शिक्षण तिन्ही मागता येतं, निकालानंतरही. नुसती खावटी पाहिजे तर कलम १४४, छत्रपती संभाजीनगरसारख्या फॅमिली कोर्ट असलेल्या ठिकाणी तिथं, नसेल तिथं न्यायदंडाधिकाऱ्यांकडं, आणि आई माहेरी राहत असेल तर माहेरच्या कोर्टात चालतं, नांदेडची बाई माहेरी बीडला आली तर बीडला. कलम १४४ ला धर्माचं बंधन नाही, मुस्लिम लेकरांनाही बापाकडून मिळते, सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा नूर सबा खातून निकाल आहे. दोन ठिकाणी अर्ज असतील तर दोन्हीकडं सांगावं लागतं, एकीकडची रक्कम दुसरीकडं धरली जाते. अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाच्या, खावटीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसात निकाली काढायचा असं कायद्यात आहे, "शक्यतो" या शब्दावर आपल्याकडं किती तारखा पडतात ते सगळ्यांना माहितीय, पण मिळते ती अर्ज केल्याच्या तारखेपासून, त्यामुळं बोलणी चालूच आहेत म्हणून अर्ज टाकायचा लांबवू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना आणि लेकरांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो, फोन १५१००.

पैसे घेताना-देताना रोख नको. खात्यावर किंवा यूपीआयनं, आणि नोटमधे लेकराचं नाव न् महिना. बापांनाही सांगतो, शाळेची फी परस्पर भरली तर ती खावटीत धरायची की नाही हे आधी लिहून घ्या, नाहीतर भरलेलं वाया आणि थकबाकी वेगळी.

थकली तर वसुलीचा अर्ज. कलम १४४ च्या आदेशात प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत मागावा लागतो, म्हणून तीन-चार महिने थकले की टाकाच. वॉरंट निघतं, तरी दिले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि जेलात बसून आला म्हणून बाकी फिटत नाही, ती द्यावीच लागते. दिवाणी हुकूम असेल आणि माणूस नोकरीत असेल तर पोटगीसाठी पगाराच्या दोन तृतीयांशपर्यंत जप्ती लागू शकते. "माझ्याकडचं लेकरू मी सांभाळतोय" हे थकबाकीला उत्तर नाही, आदेश बदलून घेईपर्यंत आहे तो आकडा द्यायचा.

आदेश बदलायचा असेल तर त्याचाही रस्ता आहे, त्याच संहितेचं कलम १४६. नोकरी गेली, पगार वाढला, लेकरू एका घरातून दुसऱ्या घरात गेलं, फी दुप्पट झाली, यातलं काहीही झालं की ज्यानं आदेश दिला त्याच कोर्टात अर्ज. लेकरानं घर बदललं तर शाळेचा बोनाफाईड, नवीन पत्त्याचं आधार, आणि कोणत्या तारखेपासून राहायला आलं ते दोघांच्या सहीचं साधं पत्र, एवढं लगेच गोळा करून ठेवा, सहा महिन्यांनी समोरचा तारीखच मान्य करत नाही.